कानाला नव्हे, कानात खडा!

मंडळी, 'कानाला खडा लावणे' हा वाक्प्रचार आपण सगळ्यांनी निकालानंतर कधी ना कधी वापरलेला आहे. "पुढच्या सेमिस्टरला पहिल्या दिवसापासून अभ्यास!" असं म्हणून आपण कानाला खडा लावतो आणि तो खडा साधारण आठ दिवसांत गळून पडतो. पण कानाच्या आत खरोखरचे खडे असतात, तेही प्रत्येकाच्या, आणि ते जागचे हलले तर अख्खी खोली गरगर फिरते, हे किती जणांना माहीत आहे?

या आजाराचं नाव पाठ करायला एक संध्याकाळ लागेल: बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टायगो. डॉक्टर थोडक्यात बी.पी.पी.व्ही. म्हणतात. बिनाइन म्हणजे जिवाला धोका नसलेला, पॅरॉक्सिस्मल म्हणजे अचानक झटक्याने येणारा, पोझिशनल म्हणजे डोक्याच्या स्थितीशी जोडलेला आणि व्हर्टायगो म्हणजे गरगर. नावातच सगळा सिलॅबस आहे. मला हा सिलॅबस गेल्या पावसाळ्यात शिकावा लागला, म्हणून हा लेख.

सुरुवात कशी झाली

देवरूखचा पाऊस आपल्याला नवीन नाही. जांभ्याच्या पायऱ्यांवर ऑगस्टपर्यंत असं शेवाळ धरतं की त्यावर साबण बरा. अशाच पायरीवरून मी घसरले आणि डोकं उजव्या बाजूला मागे आपटलं. रत्नागिरीला नेऊन सी.टी. स्कॅन झालं, ते नॉर्मल आलं. सगळे म्हणाले, सुटलीस.

चार दिवसांनी पहाटे मी अंथरुणात उजव्या कुशीवर वळले आणि छत फिरायला लागलं. लाइट गेलेली होती, पंखा बंद होता, तरी पंखा फिरत होता! मी कॉटची पट्टी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. अर्ध्या मिनिटात सगळं थांबलं, पण पोटात ढवळून उलटी झाली. मग लक्षात आलं की हे दर वेळी ठरावीक गोष्टींनीच होतंय: आडवं होताना, उजवीकडे वळताना, आणि वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला मान वर केली की. ताठ बसून राहिलं की काही नाही.

होस्टेलमध्ये निदान करणाऱ्यांची कमतरता कधीच नसते. एकीने पित्त सांगितलं आणि कोकम सरबत आणून दिलं. दुसरीने बीपी लो, तिसरीने मानेचे मणके, चौथीने इंटर्नलचं टेन्शन. एकीने मीठ-मोहरी ओवाळून नजरही काढली. मला मात्र रात्री एकच भीती वाटायची, की डोक्यात काहीतरी झालंय आणि ते स्कॅनमध्ये दिसलेलं नाही. आठवडाभर मी भिंतीला उशी लावून बसूनच झोपले. वर्कशॉपला लेथसमोर उभं राहायची हिंमत नव्हती आणि घरी फोनवर "मी मजेत" म्हणत होते.

'चक्कर' म्हणजे नक्की काय?

शेवटी कान-नाक-घसातज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चक्कर येते म्हणजे नक्की काय होतं, ते सांग." इथे माझी पंचाईत झाली. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये या सगळ्याला एकच शब्द होता, गिडिनेस. मराठीत मात्र कितीतरी शब्द आहेत! उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे काळोख होतो ती 'अंधारी'. शुद्ध हरपेल असं वाटतं ती 'भोवळ' किंवा 'घेरी'. चालताना एका बाजूला झुकायला होतं ते 'तोल जाणं'. आणि आपण स्थिर असताना खोली फिरते ती 'गरगर'. आपण सगळ्यांना सरसकट 'चक्कर' म्हणतो, आणि मग औषधही सरसकटच मिळतं.

डॉक्टरांनी याहून महत्त्वाचे दोन प्रश्न विचारले. किती वेळ टिकते? आणि कशाने सुरू होते? हे दोन प्रश्न पाठ करून ठेवा, कारण उत्तरांवरून वाट बरीच मोकळी होते:

१. डोकं हलवलं की सुरू, एका मिनिटाच्या आत बंद: बहुधा बी.पी.पी.व्ही.
२. दिवसभर, दोन-तीन दिवस सतत गरगर: आतल्या कानाच्या नसेला सूज असू शकते. मेंदूचा झटकाही असू शकतो, म्हणून लगेच दवाखाना.
३. काही तास गरगर, सोबत कानात दडा, आवाज आणि कमी ऐकू येणं: मेनियेरचा आजार असू शकतो.
४. फक्त उभं राहिल्यावर अंधारी: रक्तदाब पडणं, उपाशी राहणं, पाणी कमी पिणं वगैरे.

कानातला सेन्सर

आता आपल्या विषयाकडे येऊ. तुमच्या मोबाइलमध्ये दोन सेन्सर असतात. अ‍ॅक्सिलरोमीटर सरळ रेषेतला त्वरण आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, तर जायरोस्कोप फिरणं ओळखतो. नेमकी हीच जोडी निसर्गाने प्रत्येक कानात बसवलेली आहे.

फिरणं ओळखायला तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्या एकमेकींशी साधारण काटकोनात आहेत, म्हणजे आपले एक्स, वाय, झेड अक्षच म्हणा. त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. डोकं फिरलं की नळी फिरते, पण द्रव जडत्वामुळे मागे राहतो आणि वाटेतल्या जेलीसारख्या पडद्याला ढकलतो. पडदा वाकला की मेंदूला सिग्नल जातो, 'फिरतोय!' फुगडी थांबल्यावरही अंगण फिरत राहतं ते याचमुळे. आपण थांबतो, द्रव थांबत नाही.

सरळ रेषेतली हालचाल आणि गुरुत्व ओळखायला शेजारी दोन छोट्या पिशव्या आहेत. त्यांच्यात चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे हजारो बारीक स्फटिक बसवलेले असतात. म्हणजे चुनखडीच! डोकं कललं की या वजनदार खड्यांचा थर सरकतो आणि खालच्या केसांसारख्या पेशींना 'खाली' कुठे आहे ते कळतं.

गोंधळ होतो तो हे खडे सुटून नलिकेत शिरले की. डोक्याला मार लागला, वय वाढलं, खूप दिवस अंथरुणाला खिळून राहिलं, की खडे सुटू शकतात. पुष्कळदा तर कारण सापडतच नाही. तीनपैकी मागची नलिका सर्वांत खालच्या बाजूला येते, म्हणून बहुतेक वेळा खडे तिच्यातच जाऊन पडतात. मग आपण आडवे झालो की ते नळीत घरंगळतात, द्रवाला पिस्टनसारखं ढकलतात आणि पडदा वाकतो. डोकं थांबलेलं असूनही तो कान सांगतो 'फिरतोय'. डोळे, दुसरा कान आणि पाठीखालची गादी सांगतात 'स्थिर आहे'. मेंदू बिचारा तिघांचं ऐकून गोंधळतो. आंबा घाटात लाल डब्याच्या मागच्या सीटवर पुस्तक वाचताना मळमळतं, त्याचंही मूळ सेन्सरांच्या अशाच भांडणात आहे.

पाच मिनिटांची तपासणी

मला वाटलं होतं, आता एम.आर.आय. करायला कोल्हापूरला जावं लागणार. प्रत्यक्षात डॉक्टरांना एक पलंग पुरला. त्यांनी मला बसवून मान उजवीकडे ४५ अंश वळवली आणि पटकन मागे आडवं केलं, डोकं पलंगाच्या कडेवरून थोडं खाली. "डोळे मिटायचे नाहीत, माझ्याकडे बघ," म्हणाले. दोन-तीन सेकंद काही नाही, आणि मग तीच गरगर! त्याच वेळी माझी बुबुळं विशिष्ट दिशेने गोल झटके देत होती, ते त्यांना दिसत होतं. कोणत्या कानातल्या कोणत्या नलिकेत खडे आहेत, हे त्या झटक्यांवरून कळतं.

ही चाचणी लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ साली मांडली आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्याआधी १९२१ साली रॉबर्ट बाराणी यांनी अशा गरगरीचं वर्णन केलं होतं. हे बाराणी म्हणजे व्हिएन्नाचे कानाचे डॉक्टर. कान धुताना पाणी फार थंड किंवा फार गरम असलं की रुग्णांना चक्कर येते, हे त्यांच्या लक्षात आलं. कारण काय, तर तापमानामुळे नलिकेतल्या द्रवात प्रवाह सुरू होतो. आपण हीट ट्रान्सफरमध्ये शिकतो ते कन्व्हेक्शन! तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेवरच्या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं, आणि बातमी आली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

खडे घरी कसे नेतात

तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, "बाळा, गोळीने खडे परत जागेवर जात नाहीत. ते ओतून काढावे लागतात." आणि खरंच त्यांनी ते ओतले.

या पद्धतीला इप्ली मनुव्हर म्हणतात. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातले डॉ. जॉन इप्ली यांनी ती शोधली. १९८० च्या सुमारास ते ती सहकाऱ्यांना दाखवत होते, पण नुसतं डोकं फिरवून चक्कर जाते यावर विश्वास ठेवायला फारसं कोणी तयार नव्हतं. त्यांचा शोधनिबंध छापून यायला १९९२ साल उजाडलं. त्याच वर्षी पार्न्स आणि मॅक्ल्युअर या कॅनडातल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या वेळी नलिकेत तरंगणारे कण प्रत्यक्ष पाहिल्याचं लिहिलं. आज ही पद्धत जगभर वापरली जाते.

उजव्या कानासाठी क्रम असा असतो. पहिली पायरी तपासणीचीच: मान उजवीकडे, डोकं थोडं खाली. गरगर थांबेपर्यंत थांबायचं. मग डोकं ९० अंश डावीकडे वळवायचं, पुन्हा थांबायचं. मग अख्खं अंग डाव्या कुशीवर आणि डोकं आणखी ९० अंश, म्हणजे नाक जमिनीकडे. पुन्हा थांबायचं. शेवटी हनुवटी खाली ठेवून हळूच उठून बसायचं. प्रत्येक पायरीला खडे नळीत थोडे पुढे घरंगळतात आणि शेवटच्या पायरीला नळीच्या तोंडातून मूळच्या पिशवीत पडतात. वाकड्यातिकड्या पाइपात अडकलेली गोटी आपण पाइप फिरवून बाहेर काढतो, तसंच.

प्रत्येक पायरीला का थांबायचं? याचं उत्तर फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आहे. स्टोक्सचा नियम घ्या. खडा १० मायक्रॉन व्यासाचा, घनता पाण्याच्या सुमारे २.७ पट, द्रव पाण्यासारखा. गणित केलं तर खाली पडायचा वेग सेकंदाला जेमतेम ०.१ मिलिमीटर येतो. नलिकेची कमान काही मिलिमीटरचीच, तरी एकट्या खड्याला १० मिलिमीटर जायला १०० सेकंद लागतील. पण वेग त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असतो. खड्यांची ३० मायक्रॉनची गुठळी झाली तर वेग नऊपट, म्हणजे तेच अंतर अकरा-बारा सेकंदांत. नळीच्या भिंती, द्रवाचं तापमान असल्या गोष्टी मी सोडून दिल्या आहेत, तेव्हा हा अंदाजच समजा. पण आडवं झाल्यावर गरगर दोन-तीन सेकंद उशिरा का येते, अर्ध्या मिनिटात का थांबते, आणि घाई केली तर खडे अर्ध्या वाटेत का राहतात, हे तिन्ही यातून कळतं. व्हायव्हाला स्टोक्सचा उपयोग विचारला तर आता माझ्याकडे उत्तर आहे!

खडे गेले, भीती गेली नाही

पहिल्याच प्रयत्नात माझी गरगर थांबली. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि हा भाग मला कोणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर साधारण दोन आठवडे मला तरीत उभं असल्यासारखं वाटायचं. खोली फिरत नव्हती, पण जमीन मऊ लागत होती. डॉक्टर म्हणाले, हे होतंच. मेंदूने काही दिवस चुकीच्या सेन्सरशी जुळवून घेतलेलं असतं, आता त्याला पुन्हा कॅलिब्रेट व्हायला वेळ लागतो.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, डोकं हलवायला घाबरून मान ताठ धरून बसायचं नाही. हालचालच केली नाही तर मेंदूला नवीन रीडिंग मिळणार कुठून? दुसरं, साधा व्यायाम: अंगठा डोळ्यांसमोर धरून नजर त्यावरच ठेवायची आणि डोकं डावी-उजवीकडे, मग वर-खाली हलवायचं. आधी बसून, मग उभं राहून, मग कॉरिडॉरमध्ये चालताना. रूममेट बाजूला चालायची, पडले तर धरायला.

सगळ्यात जड गेलं ते उजव्या कुशीवर झोपणं. खडे जागेवर होते, पण मन मानत नव्हतं. पहिल्या रात्री रूममेट खुर्ची घेऊन शेजारी बसली आणि मोबाइलवर सेकंद मोजत राहिली. तिसापर्यंत मोजले, काही झालं नाही. साठपर्यंत मोजले, तरी काही नाही. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी सपाट झोपले. पुढे थंडीत मार्लेश्वरच्या शेकडो पायऱ्या चढून उतरले. उतरताना खाली बघावं लागतं, ती खरी परीक्षा. पास झाले.

मेसच्या मावशी

माझं हे प्रकरण ऐकून आमच्या मेसच्या मावशी एक दिवस म्हणाल्या, "गो, माझंपण असंच होतं. कूस वळवली की घर फिरतं." त्यांना हा त्रास अधूनमधून दोन वर्षं होता. मानेचे मणके झिजलेत असं कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून गळ्याला पट्टा, आणि चक्करच्या गोळ्या रोज. गोळ्यांनी झोप यायची, आणि पहाटे पाचला तर चपात्या सुरू करायच्या. वरच्या फळीवरचा डबा काढताना एकदा त्या पडता पडता वाचल्या होत्या. 'शेगडीवर पडले तर?' या भीतीने त्या काम सोडायचा विचार करत होत्या. घर त्यांच्याच पगारावर चालतं.

मी तपासणीचं सांगितल्यावर आधी नाहीच म्हणाल्या. "मान मोडेल माझी!" मग महिन्याभराने मुलीला घेऊन गेल्या. डावा कान निघाला. त्यांना दोनदा मनुव्हर करावं लागलं, दुसऱ्या वेळी जमलं. गोळ्या डॉक्टरांनीच बंद केल्या. आता त्या म्हणतात की थोडं हलकं-हलकं अजून वाटतं, पण घर फिरत नाही.

दोन वर्षं विरुद्ध दहा मिनिटं, हा हिशोब मला अजून पचलेला नाही. या उपचाराला ना मशीन लागतं, ना वीज. लागतो तो पलंग आणि जाणणारा माणूस. म्हणून हे सगळ्यांना माहीत असायला हवं, विशेषतः घरी आजी-आजोबा असणाऱ्यांना. हा त्रास पन्नाशीनंतर जास्त दिसतो, आणि म्हातारपणी पडणं म्हणजे खुब्याचं हाड.

लक्षात ठेवण्यासारखं

• रूममेटला गरगरलं तर तिला आधार देऊन बसवा, नजर एका ठिकाणी ठेवायला सांगा. किती सेकंद टिकलं ते घड्याळात बघा. जमलं तर डोळ्यांचा व्हिडिओ काढा, डॉक्टरांना उपयोगी पडतो.

• यांपैकी काही असेल तर थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा: बोलणं अडखळणं, एकाचे दोन दिसणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, उभंही राहता न येणं, अचानक प्रचंड डोकेदुखी, अचानक ऐकू न येणं. डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलट्या किंवा गुंगी येत असेल तरीही.

• मनुव्हर पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच करून घ्या. कोणता कान, कोणती नलिका हे कळल्याशिवाय डोकं फिरवण्यात अर्थ नाही. मानेचा किंवा पाठीचा आजार असेल तर आधी सांगा.

• त्रास असेपर्यंत गाडी, शिडी, गच्चीचा कठडा, लेथ आणि सप्तलिंगीतलं पोहणं बंद.

• हा त्रास बऱ्याच जणांना काही वर्षांत पुन्हा होतो. झाला तर घाबरू नका, उपाय तोच आहे. २०२० साली दक्षिण कोरियातल्या सुमारे हजार रुग्णांच्या अभ्यासात, ड जीवनसत्त्व कमी असणाऱ्यांना ते कॅल्शियमसोबत दिल्यावर त्रास परत येण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. तेव्हा रक्त तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा.

आणि शेवटचं. पुढच्या वेळी मेसमध्ये, ऑफिसमध्ये किंवा घरी कोणी "चक्कर येते" म्हणालं, तर लगेच पित्त म्हणून मोकळे होऊ नका. फक्त विचारा, "कशाने सुरू होते? आणि किती वेळ टिकते?" बाकीचं डॉक्टर बघतील.